झाकणावरचा हात

घरात दोन मुली असल्या की एकीच्या हाताला यश असतं आणि दुसरीच्या हातून बशा फुटतात. असा काही नियम नाही, पण या घरात तो लागू होता. थोरली दातांची डॉक्टर झाली. तिच्या हाताला इतका गुण, की तिने दाढ काढली तर खुद्द दाढेला बराच वेळ पत्ता लागत नसे. धाकटीच्या हातात दिलेली वस्तू मात्र पडायची तरी, नाहीतर उलटी तरी बसायची. तिने लावलेलं रोप मान टाकायचं. तिने किल्ली फिरवलेलं कुलूप नंतर कुणालाच उघडायचं नाही. घरात काही नाजूक काम निघालं की आई आधी म्हणायची, "तू नुसती बघ हं. हात नको लावूस." लहानपणभर हे ऐकल्यावर धाकटीने पुढे लांबून बघायचं शास्त्र म्हणून पदार्थविज्ञान घेतलं, यात नवल नाही.

अशा माणसांना एक सवय लागते. आपल्या हातून वस्तू पडतात हे ठाऊक असल्यामुळे ती प्रत्येक वस्तूवर एक हात ठेवून बसतात. धाकटीचा डावा हात कायम कशावर तरी असायचा. बशीवर, लॅपटॉपवर, शेजाऱ्यांच्या झोपलेल्या मांजरावर. मांजर पडणार नव्हतं, पण हात ठेवलेला बरा.

ती नोकरी करायची ती प्रयोगशाळा टायरच्या एका गोदामाच्या वर होती. जिन्यात रबराचा वास, वर गेल्यावर स्पिरिटचा. नोकरी कंत्राटी, दर वर्षी नव्याने सही करायची. तिथे एक पेटी तयार होत होती. पेटी जेवणाच्या डब्याएवढी आणि तिचं काम एकच: तान्ह्या बाळाला डांग्या खोकला झालाय की नाही, हे आईबाप दवाखान्यात बसलेले असतानाच सांगायचं. बाळाच्या नाकातला थेंब घ्यायचा, त्यात औषधं मिसळायची आणि तो एका पारदर्शक प्लॅस्टिकच्या चिपमध्ये सोडायचा. चिप काडेपेटीएवढी, तिच्यातली नळी केसासारखी. चिप पेटीत ठेवायची, झाकण लावायचं, बटण दाबायचं.

पुढचा सगळा मामला तापमानाचा. रोगजंतूचा डीएनए म्हणजे दुपेडी दोर समजा. पंच्याण्णव अंशांपर्यंत तापवला की त्याचे पेड सुटे होतात. साठपर्यंत निववला की प्रत्येक पेड स्वतःसाठी नवा जोडीदार विणून घेतो. एकाचे दोन झाले. पुन्हा तापवा, पुन्हा निववा, दोनाचे चार. अशा चाळीस फेऱ्या झाल्या की मुळात असून नसल्यासारखी गोष्ट एवढी वाढते, की पेटीला ती दिसते आणि पेटी 'हो' म्हणते. थेंब चिमुकला, त्यामुळे तापायला आणि निवायला वेळ लागत नाही. पण तापमान चार अंशांनी जरी कमी पडलं तरी पेड सुटत नाहीत, आणि पेडच सुटले नाहीत तर विणणार काय, कपाळ? पेटी तरीही निमूटपणे चाळीस फेऱ्या मारते आणि ठामपणे 'नाही' म्हणते. चुकतानासुद्धा ठाम राहणं ही निर्जीव वस्तूंची वाईट खोड आहे. माणसांची नाही असं नाही. आपण नीट चाललो की नाही हे पेटीला स्वतःशी ताडून बघता येईल, अशी दुसरी नळी चिपच्या पुढच्या आवृत्तीत येणार होती. सगळ्या चांगल्या गोष्टी पुढच्या आवृत्तीतच येतात.

हे तापमान सांभाळायचं काम धाकटीचं. चिपच्या खाली एक तापती पट्टी होती आणि पट्टीच्या पोटात तापमापी. तो तिथे बसवायचा हे धाकटीनेच ठरवलं होतं. पडद्यावर पंच्याण्णव आले की पंच्याण्णव, साठ आले की साठ. आकडे इतके सुरेख यायचे की दाढीवाले साहेब, म्हणजे ज्यांनी ही प्रयोगशाळा काढली ते, पाहुण्यांना फक्त पडदाच दाखवायचे.

अडचण एवढीच होती, की पेटी धाकटीच्या हातीच चालायची.

रसायनं बघणारी तिची सहकारी होती. तिच्या खिशात कायम चिमटा असायचा, म्हणून तिचं नावच चिमटा पडलं होतं. चिमटाने चाचणी लावली की दहातल्या सहा वेळा पेटी चुकायची. दाढीवाल्यांनी लावली की त्याहून वाईट. धाकटीने लावली की बरोबर. नमुना तोच, चिप तीच, पडद्यावरचे आकडे तेच. चिमटाने आधी बुडबुड्यांना दोष दिला, मग पाण्याला, मग आपल्या नशिबाला. शेवटी एके दिवशी तिने तो शब्द उच्चारलाच. "हातगुण," ती म्हणाली, आणि शिकल्यासवरल्या खोलीत कुणीही हसलं नाही.

त्यानंतर जे सुरू झालं ते विज्ञानाच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. चिमटा धाकटीसारखी नळी तीनदा हलवू लागली. धाकटी चाचणीआधी चहा प्यायची, तर दाढीवालेही प्यायला लागले. त्यांना चहाने पित्त व्हायचं, तरी प्यायचे. ती चाचणी लावताना निळा स्वेटर घालते असं कुणाच्या तरी लक्षात आलं आणि हुकाला टांगलेला तो स्वेटर सगळ्यांचा झाला. सगळ्यांनी तिचं सगळं उचललं. झाकणावरचा डावा हात तेवढा राहिला, कारण तो कुणाला दिसलाच नाही. तिलाही नाही.

घरी ही बातमी पोचली तेव्हा आईने आधी विश्वास ठेवला नाही. "तुझ्या हातून? चालतं?" तिने दोनदा विचारलं. मग विश्वास ठेवला, आणि एकदा ठेवल्यावर तो वाटत सुटली. शेजारणीला सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं, दातांच्या दवाखान्यात थोरलीच्या पेशंटांना सांगितलं. शेजारीण एकदा चार रोपं घेऊन आली आणि म्हणाली, "तुझ्या हाताने लाव गं बाई." धाकटीने लावली. दोन जगली. आई म्हणाली, "बघितलंस?" मेलेल्या दोघांबद्दल कुणी बोललं नाही. धाकटी त्या दिवसांत सुखात होती, हे सांगायला हवं. पस्तिशी ओलांडल्यावर पहिल्यांदाच तिच्या हातात लोक आपणहून वस्तू देत होते.

प्रयोगशाळेतही तिचं चांगलं चाललं होतं. पेट्या आता दवाखान्यांत पाठवायच्या होत्या, आणि तिथल्या नर्सना धाकटीचं कौशल्य शिकवायला हवं होतं. म्हणून एक कायमची जागा काढायचं ठरलं: चाचणी-कौशल्य प्रमुख. ती जागा तिच्या मापाने शिवली होती. फक्त बाहेरच्या तज्ज्ञांच्या समितीने शिक्कामोर्तब करायचं बाकी होतं. ते कौशल्य नेमकं कुठलं, हे धाकटीला विचारलं तर ती म्हणायची, "सावकाश करायचं, बस." तिला स्वतःला माहीत असतं तर तिने सांगितलं असतं.

ते कळलं आईच्या फोनमुळे. धाकटी चाचणी लावत होती आणि आईचा फोन आला. शेजारणीचा जावई येणार होता, त्याला भेटायला लवकर ये, त्याला तुझ्या हाताबद्दल ऐकायचंय. डाव्या हाताने फोन धरून ती सगळं ऐकत राहिली. फोन संपला, चाचणी संपली. नमुना रोगाचा आहे हे आधीच ठाऊक होतं, आणि पेटी म्हणत होती 'नाही'.

तिने तोच नमुना पुन्हा लावला. हात झाकणावर: 'हो'. हात मांडीवर: 'नाही'. पुन्हा झाकणावर: 'हो'. मग ती उठली, चहाच्या खोलीत गेली आणि मिठाचा अख्खा पुडा घेऊन आली. तो झाकणावर ठेवला आणि स्वतः खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

पेटी 'हो' म्हणाली.

आता समजायला काही उरलं नव्हतं. चिप आणि तापती पट्टी यांच्यामध्ये हवेचा एक पापुद्रा राहत होता. कांद्याच्या सालाइतकासुद्धा नसेल, पण हवा उष्णतेला सहज पुढे जाऊ देत नाही. हात दाबला की हवा निघून जायची, चिप पट्टीला चिकटायची आणि उष्णता थेंबापर्यंत पोचायची. हात नसला की पट्टी पंच्याण्णवला आणि थेंब बिचारा एक्याण्णवला. तापमापी होता पट्टीच्या पोटात. तो शेगडीला विचारून येत होता आणि पातेल्यातलं पाणी उकळलं म्हणून सांगत होता. तापमापीची ही जागा धाकटीने निवडली होती, म्हणजे मूळ चूकही तिचीच. कौशल्य नव्हतं, गुण नव्हता. किलोभर वजन होतं, आणि ते मिठातही होतं. धाकटीला स्वतःचा राग आला नाही. तिला मिठाच्या पुड्याचा राग आला, जो काही न करता तिच्या जागी बसला होता.

कुणाला तरी सांगावं म्हणून तिने थोरलीला फोन केला. थोरलीने सगळं शांतपणे ऐकलं. मागे कुणीतरी गुळण्या करत होतं.

"मग?" थोरली म्हणाली. "तुला कुणी विचारलंय का?"

"नाही."

"मग आधी नोकरी कायमची होऊ दे. एकदा झाली की हळूच आत एक स्प्रिंग बसव. पुढची आवृत्ती म्हणून. तुझंही भलं, पेटीचंही भलं."

"पण पेट्या त्याआधीच दवाखान्यांत जातील."

"महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न आहे गं. जगात काय एकच चाचणी आहे का? आणि हे बघ, आईला यातलं काही सांगू नकोस. किती खुशीत आहे ती."

सल्ला शहाणपणाचा होता. थोरलीचे सल्ले तसे असतातच. धाकटीने पुडा परत जागेवर ठेवला आणि तोंडाला कुलूप लावलं. तिला ती जागा हवी होती. जागेपेक्षाही, लोक आपल्या हाताकडे ज्या नजरेने बघतात ती नजर हवी होती. ती गेल्यावर काय उरतं हे तिला चांगलं माहीत होतं, कारण आधी तेच होतं.

समितीच्या बैठकीआधी दाढीवाले तिला एका दवाखान्यात घेऊन गेले. पेट्या कुठे ठेवायच्या ते बघायचं होतं आणि नर्सना शिकवायचंही होतं. दवाखाना तीन खोल्यांचा, बाकं भरलेली, भिंतीला पाठ लावून बाया उभ्या. सराव म्हणून सोबत आणलेला रोगाचा नमुना धाकटीने नर्सच्या हाती दिला. नर्स अंगाने दणकट आणि कामाला चपळ. तिच्या डाव्या हातावर एक तान्हं बाळ पालथं होतं, त्याच्या आईला बाथरूमला जायचं होतं म्हणून. बाळ खोकायला लागलं की थांबत नव्हतं, तोंड जांभळं होईपर्यंत खोकत होतं आणि शेवटी श्वास घेताना चमत्कारिक आवाज काढत होतं. नर्सने त्याची पाठ चोळत चोळत चिप ठेवली, कोपराने झाकण लावलं, कोपरानेच बटण दाबलं आणि पुढच्या पेशंटकडे गेली.

"ताई, बरोबर केलं ना मी?" तिने तिकडूनच विचारलं.

"बरोबर केलंत," धाकटी म्हणाली. आणि ते खरं होतं. नर्सने काहीच चुकीचं केलं नव्हतं.

पेटीने वेळेवर 'नाही' म्हटलं. दाढीवाले घाईने म्हणाले, "सरावाने जमेल." धाकटी त्या बाळाकडे बघत होती. त्याची खरी चाचणी मोठ्या रुग्णालयात व्हायची होती, ते सुटलं. पण पुढच्या बाळाची इथेच होणार होती. नर्सला दोनच हात होते, आणि झाकणावर ठेवायला त्यांतला एकही मोकळा नव्हता. परतताना ती खिडकीबाहेर तोंड करून बसली, आणि दाढीवाल्यांना वाटलं तिला गाडी लागली.

बैठकीला तिघे जण बाहेरून आले होते. त्यांतले एक लहान मुलांचे डॉक्टर होते, बरेच म्हातारे, आणि ते ऐकताना डोळे मिटत, त्यामुळे झोपलेत असं वाटे. दाढीवाल्यांनी भाषण केलं. मग म्हणाले, "आता आमच्या ताई स्वतः दाखवतील."

धाकटीने नमुना भरला, चिप ठेवली, झाकण लावलं. मग पिशवीतून मिठाचा पुडा काढला, झाकणावर ठेवला आणि खुर्ची मागे सरकवून हात बांधून बसली. चिमटाला वाटलं हा नवा विधी आहे. तिने पुड्याचा ब्रँड टिपून घेतला.

पेटीने 'हो' म्हटलं.

"छान," म्हातारे डॉक्टर डोळे उघडून म्हणाले. "पण यात तुम्ही काय केलंत?"

"काही नाही," धाकटी म्हणाली. "आजपर्यंतही काही केलं नाही. मी झाकणावर हात ठेवायची, त्या दाबाने चिप खाली टेकायची. दाब नसला तर थेंब पुरेसा तापत नाही. तापमापी चुकीच्या जागी आहे. ती जागा मी ठरवली होती." मग तिने पुडा उचलला, तोच नमुना पुन्हा लावला, आणि सगळ्यांनी बसून पेटीचं 'नाही' ऐकलं.

"म्हणजे या पेट्या दवाखान्यात गेल्या असत्या तर..." डॉक्टर म्हणाले.

"आजारी बाळं घरी पाठवली असती."

डॉक्टरांनी पुन्हा डोळे मिटले. या वेळी ते झोपले नव्हते हे स्पष्ट दिसत होतं.

समितीचा निर्णय तासाभरात आला आणि त्यात कुणाचंही काही चुकलं नव्हतं. पेट्या थांबवाव्यात. आत स्प्रिंग बसवावी, तापमापीची जागा बदलावी. आणि चाचणीला विशेष कौशल्य लागत नाही असं सिद्ध झाल्यामुळे चाचणी-कौशल्य प्रमुख या जागेची आवश्यकता उरलेली नाही. दाढीवाल्यांनी हे वाचून दाखवलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही फार मोठं काम केलंत." मग कागदाची घडी घालत, "कंत्राट वर्षअखेरपर्यंत आहेच."

स्प्रिंग किती जोराची हवी, असं कारखान्याने विचारलं. धाकटीने वजनकाटा आणला आणि त्यावर डावा हात ठेवला, नेहमी ठेवायची तसा. चिमटाने आकडा वाचला. किलोला थोडा कमी. त्या आकड्याची स्प्रिंग आली, झाकणात बसली, आणि पहिली चाचणी मुद्दाम खालच्या गोदामातल्या वॉचमनला लावायला सांगितली. त्याने टायरचे काळे हात धुतले, हातमोजे चढवले, चिप ठेवली, बटण दाबलं आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. पेटीने 'हो' म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वॉचमनसाठी आणि पेटीसाठी. धाकटीनेही वाजवल्या. तिला रडू येत होतं, आणि टाळ्या वाजवताना डोळे पुसता येत नाहीत ही त्यातली गैरसोय. निळा स्वेटर हुकाला तसाच होता. तो आता कुणी घालत नव्हतं, म्हणून ती घरी घेऊन आली.

आईला सांगणं तिने टाळलं होतं. पण स्वेटर बघून आईने विचारलंच, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तिने सगळं सांगितलं. हात, हवा, मीठ, समिती. आईने ऐकता ऐकता ओटा पुसायचा थांबवला.

"म्हणजे तुझ्या हातात काही नव्हतंच."

"वजन होतं."

"ते माझ्याही हातात आहे."

"हो."

"आणि जागा गेली."

"गेली."

"हे तू आपणहून सांगितलंस? सगळ्यांसमोर? कुणी विचारलं नसताना?"

"हो."

आईने फडकं पिळलं. शेजारणीला काय सांगायचं, भाजीवाल्याला काय सांगायचं, याचा हिशेब तिच्या चेहऱ्यावरून सरकत गेला. मोठा हिशेब होता, तिने बऱ्याच लोकांना सांगितलं होतं. धाकटी वाट बघत राहिली. पुढचं वाक्य तिला लहानपणापासून पाठ होतं, त्यात थोरलीचं नाव येणार हेही पाठ होतं.

ते आलंच.

"थोरलीने सांगितलं नसतं," आई म्हणाली.

आवाज तक्रारीचा होता, पण ती धाकटीकडे बघत होती, आणि अशी ती आजवर फक्त थोरलीकडे बघत आली होती. मग तिने मान फिरवली आणि पुसलेलाच ओटा पुन्हा पुसायला घेतला.

थोरलीच्या फोनबद्दल आईला काही ठाऊक नव्हतं. धाकटीने ते तिला पुढेही कधी सांगितलं नाही. त्या क्षणी तिला फार आनंद झाला होता, बहिणीपुढे लाज वाटावी इतका, आणि तो दिसू नये म्हणून ती भांडी पुसायला पुढे झाली.

"राहू दे गं," आई सवयीने म्हणाली, आणि काचेचा पेला तिच्या हातात दिला.